सिंगापूरची छोटी सहल: व्हिसाच्या अर्जापासून जीएसटीच्या परताव्यापर्यंत

सिंगापूरला चार-पाच दिवसांसाठी जाणारी बहुतेक मंडळी सेंटोसा, युनिव्हर्सल, नाइट सफारी असं वेळापत्रक लावतात आणि जेवण मिळेल तिथे उरकतात. आम्ही उलटं केलं. कुठे, काय आणि किती वाजता खायचं हे आधी ठरवलं आणि देवळं, बाजार, संग्रहालयं त्याच्या आजूबाजूला बसवली. हे शहर इतकं लहान आहे की असं करता येतं. करायलाही हवं, कारण इथलं उत्तम खाणं ठरावीक वेळेलाच मिळतं. सकाळचा गाळा दुपारी बंद होतो, संध्याकाळचा पाचच्या आत उघडत नाही. दिवाळीनंतर जाऊन आलो, तेव्हा अर्जापासून परतीपर्यंत जे जे लागलं ते क्रमाने लिहीत आहोत.

व्हिसा

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. अर्ज वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या अधिकृत एजंटांमार्फत जातो. मुंबईत असे बरेच आहेत आणि यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळते. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. एजंटाचं सेवाशुल्क त्यावर वेगळं असतं, म्हणून ‘सगळं मिळून इतके’ असा एकच आकडा न ऐकता दोन्ही रकमा वेगळ्या लिहून मागा. आम्ही दोन-तीन ठिकाणी विचारलं, तर फरक सगळा सेवाशुल्कातच होता.

प्रवासाच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. त्यामुळे तिकीट तीन महिने आधी काढलं तरी व्हिसासाठी थांबावं लागतं. हा काळ जरा अस्वस्थ करणारा असतो. विमानाचे पैसे अडकलेले आणि हातात काहीच नाही. त्यावर उपाय एकच: हॉटेल असं घ्यायचं की ते शेवटच्या आठवड्यापर्यंत फुकट रद्द करता येईल.

कागद असे दिले: भरलेला आणि सही केलेला फॉर्म १४-ए, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची रंगीत प्रत, फोटो, जाण्यायेण्याचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, बँकेचं खातेउतारा-पत्रक, आयकर विवरणपत्र आणि प्रवासाचं कारण सांगणारं साधं पत्र. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, गेल्या तीन महिन्यांतला. अर्ज अडतात ते बहुधा फोटोवरून किंवा नावावरून. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल किंवा लग्नानंतरचं नाव तिकिटावर वेगळं असेल, तर एजंटाला पहिल्याच दिवशी सांगा.

अर्ज दाखल झाल्यावर साधारण तीन कामाचे दिवस धरतात. एजंटाने तो दाखल करायला घेतलेला वेळ आणि सुट्ट्या त्यावर वेगळ्या. आमचा व्हिसा आठवड्याभरात ईमेलवर आला. तो कागदावर छापून घ्या आणि पासपोर्ट क्रमांक एकेक आकडा जुळवून पाहा. त्यावर लिहिलेली वैधता म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा इमिग्रेशन विभाग ठरवतो आणि पासपोर्टवर शिक्का न मारता ईमेलने ई-पास पाठवतो. म्हणून ईमेल पत्ता अचूक भरा.

दुसरा कागद म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड. पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत हे ऑनलाइन भरायचं असतं आणि ते पूर्णपणे मोफत आहे. शोधयंत्रात वरती दिसणाऱ्या काही खासगी साइट यासाठी पैसे मागतात. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मायआयसीए ॲपवरच भरा. पासपोर्ट हाताशी असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

बॅग भरताना

दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. सिंगापूरमध्ये खसखशीवर अमली पदार्थ विभागाचं नियंत्रण आहे. तिथल्या नातेवाइकांसाठी अनारसे नेताना, किंवा करंजीच्या सारणात खसखस असेल तर, तो डबा घरीच ठेवा. चकली, शेव, बिनखसखशीचे लाडू चालतात. गुटखा, खैनी, जर्दा यांवर बंदी आहे, ई-सिगारेटवर आहे, च्युइंगगम नेण्यावरही आहे. सिगारेटला शुल्कमाफी मुळीच नाही. एक पाकीट असलं तरी लाल मार्गाने जाऊन जाहीर करावं लागतं. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा जोरदार वेदनाशामकं लागत असतील, तर तिथल्या आरोग्यशास्त्र प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागू शकते. आपल्या औषधाचं नाव त्यांच्या संकेतस्थळावर तपासा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा लागतो. ॲडाप्टर मुंबईतून दीड-दोनशे रुपयांत घेऊन जा. कागदी टिश्यूची पाकिटं भरपूर न्या, ती कशाला ते पुढे येईल. छत्री हवीच. नोव्हेंबर ते जानेवारी हा तिथे ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो.

पोचल्यावर

मुंबईहून रात्री निघणारं विमान साडेपाच तासांत पोचवतं आणि घड्याळ अडीच तास पुढे करावं लागतं. म्हणजे सकाळी शहरात आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला. हा वेळ वाया जातो असं वाटतं, पण नाश्त्यासाठी तो सोन्यासारखा आहे. सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून सरळ बाहेर पडा.

विमानतळावरून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, जाते. मेट्रोच्या हिरव्या मार्गाने आलात तर ताना मेरा स्थानकात गाडी बदलायची. तिकीट काढायची गरज नाही, परदेशात चालणारं संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवलं की पुरे. परदेशी कार्डावर वापराच्या दर दिवसाला ६० सेंट प्रशासकीय शुल्क लागतं आणि आपल्या बँकेचं चलनबदल शुल्क वेगळं. दिवसात चार-पाच फेऱ्या करणार असाल तर ईझी-लिंक हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासकार्ड घेतलेलं बरं. दर माणशी वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघे जात नाहीत. गाडीत आणि स्थानकात पाणी पिणंही मना आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत. ड्युरियन हे वासाचं फळ नेण्यासही बंदी आहे.

एका डॉलरला आमच्या वेळी ६८ रुपयांच्या आसपास पडत होते. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण हॉकर सेंटरमधले, म्हणजे एका छपराखालच्या खाऊबाजारातले, बरेच गाळे रोख किंवा स्थानिक क्यूआर इतकंच घेतात. माणशी दिवसाला ३० डॉलर रोख, तीही दोन, पाच आणि दहाच्या नोटांत, म्हणजे काम अडत नाही.

हॉकर सेंटरमध्ये जेवायचं कसं

सिंगापूरची संस्कृती कुठे दिसते असं कोणी विचारलं तर आम्ही हॉकर सेंटरचंच नाव घेऊ. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना सरकारने १९७० च्या दशकात नळ, गटार आणि छप्पर असलेल्या इमारतींमध्ये जागा दिली. चिनी, मलय, तमिळ, पेरानाकन (चिनी-मलय मिश्र घराण्यांतले) असे सगळे एका छताखाली आले. २०२० साली युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आजही ऑफिसचे साहेब आणि सफाई कामगार एकाच टेबलावर जेवताना दिसतात.

पद्धत अशी. आधी टेबल पकडायचं, मग गाळ्यांवर जायचं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं, सगळे तो मान राखतात. तुम्हालाही दुसऱ्याचं पाकीट दिसलं तर तिथे बसायचं नाही. टेबलावर क्रमांक असतो, काही गाळेवाले त्या क्रमांकावर आणून देतात, बाकीच्यांकडे ‘सेल्फ सर्व्हिस’ अशी पाटी असते. गाळ्यावर टिश्यू मिळत नाहीत, त्यासाठीच पाकिटं सांगितली. रांगेत पुढे काय आणि किती हवं ते ठरवूनच उभं राहा. गाळ्यावरच्या वयस्कर माणसांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात, तेही मोकळेपणाने दोन शब्द बोलतात. खाऊन झाल्यावर ट्रे परतीच्या रॅकवर ठेवणं सक्तीचं आहे. पहिल्यांदा समज देतात, नंतर ३०० डॉलर दंड होऊ शकतो. रॅक हलाल आणि बिगरहलाल असे वेगळे असतात, पाटी पाहूनच ट्रे ठेवा. तिथल्या मुसलमान ग्राहकांच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

सकाळचा मान काया टोस्टचा. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पानदान नावाच्या, केवड्याच्या जातीतल्या सुवासिक झाडाची पानं आटवून केलेला मुरंबा. कोळशावर किंवा ग्रिलवर भाजलेल्या पातळ पावात तो आणि थंड लोण्याची जाड चकती. सोबत दोन अर्धी उकडलेली अंडी येतात, ती बशीत फोडून त्यावर काळा सोया सॉस आणि पांढरी मिरी घालतात. कॉफी मागताना नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर आटवलेल्या गोड दुधाची येते. ‘कोपी ओ’ बिनदुधाची पण साखरेची, ‘कोपी सी’ बाष्पीभवन केलेल्या बिनगोड दुधाची, वर साखर घातलेली. साखर नको असेल तर मागे ‘कोसोंग’ जोडायचं, कमी हवी तर ‘सिउ दाय’, बर्फ हवा तर ‘पेंग’. चहासाठी ‘ते’ म्हणून हेच सगळं चालतं, आणि आल्याचा दुधाचा चहा हवा असेल तर ‘ते हालिया’. आपल्याकडच्या चहाबाजांनी हा शेवटचा जरूर घ्यावा. कॉफी दीड डॉलरच्या आसपास, पूर्ण नाश्ता सहा-सात डॉलरमध्ये होतो.

दुपारी हायनानी चिकन राइस. कोंबडी मंद आचेवर शिजवून बर्फाच्या पाण्यात टाकतात, त्यामुळे कातडीखाली पातळ जेली धरते. भात त्याच कोंबडीच्या चरबीत, आलं-लसूण परतून, तिच्याच सूपमध्ये शिजवलेला. चांगल्या-वाईटाची परीक्षा भातावर होते, प्रत्येक शीत सुटं आणि तुकतुकीत हवं. चार ते सहा डॉलर. मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या नामांकित गाळ्यापुढे बाराला लांब रांग लागते, साडेदहा-अकराला जा. सोमवारी मात्र जाऊ नका, अनेक गाळ्यांची सुट्टी तेव्हाच असते. शिवाय प्रत्येक सेंटर वर्षातून काही वेळा साफसफाईसाठी अख्खं बंद ठेवतात. त्या तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच जाहीर होतात, त्या पाहिल्याशिवाय बेत पक्का करू नये.

संध्याकाळी लाऊ पा सात. अष्टकोनी, बिडाच्या खांबांची ही बाजाराची इमारत १८९४ सालची. आठवड्याच्या दिवशी सातनंतर शेजारची बून टाट गल्ली वाहनांना बंद होते आणि तिथे साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजणारे बसतात. दहा काड्यांपासून पुढे मागणी घेतात. कोंबडी, मटण, गोमांस, कोळंबी सगळं एकाच जाळीवर भाजलं जातं. गोमांस न खाणाऱ्यांनी ताट वेगळं मागून पुरत नाही, हे लक्षात घेऊन ठरवा.

शाकाहारी मंडळींनी काय करायचं

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण चूक इथेच होते. ‘व्हेजिटेबल’ असं नाव पाहून घेतलेल्या पदार्थात मासळी असते. मलय सांबल म्हणजे मिरचीची चटणी, तिच्यात बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली वडी, जवळपास नेहमीच असते. लाक्सा या शेवयांच्या पदार्थाच्या रश्श्यात सुकट वाटलेली असते. नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात, पण सोबतच्या सांबलमध्ये सुके मासे. चाय तोव क्वे हा मुळ्याच्या वड्यांचा पदार्थ इंग्रजी पाटीवर ‘कॅरट केक’ असतो, त्यात अंडं असतंच आणि बऱ्याचदा डुकराची चरबीही. प्राटा, म्हणजे तिथला पराठा, नुसता असला तरी सोबतची आमटी माशाची किंवा मटणाची येते. डाळ मागितली तर मिळणारा दालचाही कधी मटणाच्या हाडांवर शिजवलेला असतो. ‘नो पोर्क, नो लार्ड’ या पाटीचा अर्थ एवढाच की डुकराचं काही नाही. गोमांस असू शकतं.

मग खायचं कुठे? बहुतेक प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये चिनी बौद्ध शाकाहारी गाळा असतो. पाटीवर 素 हे अक्षर शोधा, फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. तिथे तांदळाच्या शेवया, कोबी, टोफू, सोयाचे ‘मटण’ असं तीन ते पाच डॉलरमध्ये ताट भरून मिळतं. बौद्ध परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य असल्याने या गाळ्यांवर तो सहसा नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीच सोय होते. कंदमुळं आणि मशरूम मात्र असतात, अंडंही कुठे कुठे असतं, ते विचारा. हे गाळे सकाळी लवकर उघडून दुपारी दोनपर्यंत संपतात. संध्याकाळी लिटल इंडियातली शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य उपाहारगृहं आहेतच.

गोडात शाकाहाऱ्यांना अडचण नाही. चेंडोल घ्या: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पानदानच्या हिरव्या शेवया आणि वर गुला मलाका, म्हणजे ताडगूळ. ओंदे-ओंदे तर मराठी माणसाला पहिल्या घासात ओळखीचा वाटतो. उकडीच्या मोदकातला गूळ आत ठेवून खोबरं बाहेर लावावं तसा तो आहे. पानदान घातलेल्या चिकट तांदळाच्या पिठाची गोळी, आत वितळलेला गुला मलाका, वरून ओलं खोबरं. अख्खी तोंडात टाका, अर्धी चावली तर गूळ अंगावर उडतो.

वाड्यावस्त्या आणि बाजार

साउथ ब्रिज रस्त्यावर मॅक्सवेलच्या नाश्त्याआधी किंवा नंतर दोन तास द्या. १८२७ साली स्थापन झालेलं श्री मारिअम्मन देऊळ, त्याच्या शेजारी चुलिया तमिळ मुसलमानांची जामे मशीद आणि पुढे बुद्धदंत मंदिर, सगळं चालत दहा मिनिटांत आहे. देवळं दुपारी बंद असतात, म्हणून सकाळीच.

लिटल इंडियात टेक्का सेंटरच्या तळमजल्यावर भाजी-मासळी बाजार आणि खाणावळी आहेत. बिर्याणी आणि थोसई, म्हणजे डोसा, इथे घ्या. कॅम्पबेल लेनवरचं भारतीय वारसा केंद्र २०१५ मध्ये उघडलं, समुद्र ओलांडून मजूर, सावकार, शिपाई म्हणून आलेल्या लोकांचा इतिहास तिथे नीट मांडलेला आहे. तेही सोमवारी बंद. मुस्तफा सेंटर रात्री उशिरापर्यंत चालू असतं, चॉकलेटं आणि घड्याळांसाठी तिथे रात्री दहानंतर जा, गर्दी कमी असते. रविवारची संध्याकाळ टाळा, त्या दिवशी स्थलांतरित कामगारांची सुट्टी असते आणि रस्ता भरून जातो.

कांपोंग ग्लाममध्ये अरब स्ट्रीटवर बाटिकचं कापड मीटरवर मिळतं. हाताने काढलेल्या बाटिकचा रंग दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. विकत घेताना कापड उलटून पाहा. सुलतान मशिदीच्या घुमटाखालचा काळसर पट्टा जवळून पाहिला तर काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत. बांधकामात गरिबांचाही वाटा असावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या गोळा केल्या होत्या. शुक्रवारी दुपारी प्रार्थना असते, तेव्हा आत जाता येत नाही.

आमचा सगळ्यात आवडता भाग कातोंग आणि जू चियाट. २०२४ च्या जूनमध्ये मरीन परेड स्थानक सुरू झाल्यापासून तिथे जाणं सोपं झालं आहे. स्थानिक मलय आणि स्थायिक झालेले चिनी यांच्या संसारातून आलेली पेरानाकन संस्कृती इथे अजून दुकानांत, फरशांत आणि स्वयंपाकात दिसते. मणी ओवून केलेल्या चपला, केबाया हा बायकांचा भरतकामाचा झगा, फुलांच्या जुन्या नक्षीच्या फरशा पाहायला मिळतात. चपलेचा दर्जा मण्यांवर ठरतो. मणी जितके बारीक तितकं काम जास्त, आणि खऱ्या हातकामाला काही शे डॉलर पडतात. वीस डॉलरची जोडी यंत्रावरची. कून सेंग रस्त्यावरच्या रंगीत घरांत लोक राहतात, फोटोसाठी त्यांच्या ओट्यावर चढू नका.

खरेदी, बिल आणि परतावा

एसीच्या रेस्टॉरंटमध्ये मेनूवरच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो. ४० डॉलरचं जेवण जवळपास ४८ ला पडतं. टीप द्यायची पद्धत नाही.

वस्तूंवरचा जीएसटी पर्यटकाला परत मिळतो. २०२४ पासून दर ९ टक्के आहे. कर धरून किमान १०० डॉलरची खरेदी हवी. त्याच दुकानाच्या त्याच दिवशीच्या तीन पावत्यांपर्यंत एकत्र धरता येतात. दुकान या योजनेत हवं आणि पैसे देतानाच मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून खरेदीच्या दिवशी तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका. हॉटेलचं बिल, जेवण, टॅक्सी यांवर परतावा नाही. १०९ डॉलरच्या वस्तूत ९ डॉलर कर असतो, त्यातून हाताळणी शुल्क कापून उरलेली रक्कम मिळते. म्हणजे छोट्या खरेदीसाठी यामागे धावण्यात अर्थ नाही. खरेदी एका दुकानात एकाच दिवशी केली तर मात्र रक्कम बऱ्यापैकी होते.

घरी आणायला आम्ही कायाच्या बाटल्या, कोपीची पूड आणि गुला मलाकाचे ठोकळे घेतले. काया, सांबल, लाक्साची पेस्ट हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थ धरतात. १०० मिलिलिटरच्या वरची बाटली हातातल्या बॅगेत ठेवली तर काढून घेतात, त्यामुळे ती चेक-इन सामानातच जायला हवी. चायनाटाउनमधलं बाक क्वा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोड वड्या, तिथेच खा, भारतात आणू नका. इलेक्ट्रॉनिक वस्तू घेतली तर हमी आंतरराष्ट्रीय आहे का ते पेटीवर वाचा. प्लगही तिथलाच येतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी पोचा. परताव्याची वस्तू चेक-इन बॅगेत असेल तर बॅग देण्याआधी प्रस्थान कक्षातल्या ईटीआरएस, म्हणजे पर्यटकांच्या कर-परताव्याच्या, यंत्रावर पासपोर्ट टेकवायचा. पडद्यावर खरेदी आपोआप दिसते. पुढे कस्टम्सकडे वस्तू दाखवा असं आलं तर ती दाखवावी लागते, म्हणून ती बॅगेत वरती ठेवा. हातातल्या बॅगेत असेल तर हेच काम इमिग्रेशनच्या पुढच्या यंत्रावर. परतावा क्रेडिट कार्डावर मागता येतो, किंवा रोख हवा तर इमिग्रेशननंतरच्या काउंटरवर मिळतो. खरेदी दोन महिन्यांच्या आतली हवी.

भारतात उतरताना शुल्कमुक्त सामानाची मर्यादा माणशी मोजतात, नवरा-बायकोची मिळून एकत्र धरत नाहीत. एक महागडी वस्तू दोघांच्या मर्यादेत वाटून दाखवता येत नाही. मर्यादेचा आकडा बदलतो, निघण्याआधी सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि पावत्या हातात ठेवा. मद्य माणशी दोन लिटर. कार्डावर मागितलेला परतावा दहा दिवसांच्या आसपास जमा होतो. तोपर्यंत यंत्रातून आलेली चिठ्ठी फेकू नका.